अंडपेशीच्या यादीत बीजांडावरणाची जनुके: हे पुन्हा पुन्हा का होते?

अंडपेशी वेचली, आरएनए वाढवला, सिक्वेन्सिंग झाले, पेशीत चालू असलेल्या जनुकांची यादी हातात आली. वरच्या ओळींत ईसी१ कुटुंबातली, म्हणजे अंडपेशीची खूण असलेली जनुके दिसली की जीव भांड्यात पडतो. मग नजर थोडी खाली सरकते आणि तिथे रुबिस्कोच्या (प्रकाशसंश्लेषणातल्या विकराच्या) लहान उपघटकाचे जनुक ऐटीत बसलेले असते. पानातले हिरवे जनुक. फुलाच्या पोटात, दोन आवरणांच्या आत लपलेल्या पेशीला त्याचे एवढे काय काम? आडात नाही ते पोहऱ्यात आले कसे?

आमच्याकडे हे सलग तीन वेळा झाले. पहिल्या वेळी कुणी मनावर घेतले नाही. दुसऱ्या वेळी पेशी सुट्या करणारे विकर बदलून पाहिले. तिसऱ्या वेळी किट बदलले, वर रीड्स, म्हणजे सिक्वेन्सिंगमध्ये वाचलेले तुकडे, दुप्पट मागवले. त्याने एवढेच झाले की नको असलेली जनुके आणखी ठळक दिसू लागली. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. चूक कुठे होती ते शेवटी सापडले आणि ती इतकी साधी होती की लिहायला लाज वाटते. पण याच प्रश्नावर अडकलेले लोक सतत भेटतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतोय.

आधी प्रमाण डोळ्यासमोर आणा. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या चिमुकल्या झाडाच्या एका स्त्रीकेसरात साधारण चाळीस ते साठ बीजांडे असतात. प्रत्येक बीजांडात एक भ्रूणकोश, त्यात सात पेशी आणि आठ केंद्रके: अंडपेशी एक, तिच्या शेजारी दोन सहायक पेशी, मधली मोठी मध्यवर्ती पेशी (तिची दोन ध्रुवीय केंद्रके फलनाआधीच एक होतात) आणि पलीकडच्या टोकाला तीन प्रतिध्रुवीय पेशी. मध्यवर्ती पेशीचे एक झालेले केंद्रक सोडले तर हा सगळा संसार एकगुणी, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेला. त्याच्या भोवती बीजांडाच्या आवरणांच्या शेकडो द्विगुणी पेशी आणि त्याबाहेर अंडाशयाची हिरवी भिंत. तुम्हाला हवी असलेली पेशी या गर्दीत एकच. बाहेरच्या दोन-चार पेशी फुटल्या तरी त्यांचा आरएनए तुमच्या पेशीच्या तोडीस तोड ठरतो. पुढे पीसीआरच्या (नकला वाढवण्याच्या) अठरा-वीस चक्रांत आपला कोण आणि परका कोण हे यंत्राला कळत नाही.

आधी जे बिघाड नाहीतच ते बाजूला काढा

"माझ्या निम्म्याच बीजांडांत जीएफपी (हिरवे चमकणारे खुणेचे प्रथिन) चमकते, बाकीच्यांत काहीच नाही, प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग) बंद पडतोय का?" हा प्रश्न इतक्यांदा येतो की त्याचे उत्तर छापून भिंतीवर लावायला हवे. तुमच्या झाडात ट्रान्सजीन (बाहेरून घातलेले जनुक) जोडीतल्या एकाच गुणसूत्रावर असेल, म्हणजे पहिल्या पिढीतले झाड असेल, तर अर्धगुणसूत्री विभाजनात ते निम्म्या महाबीजाणूंकडेच, म्हणजे ज्यांच्यापासून भ्रूणकोश बनतो त्या पेशींकडेच, जाणार. अठ्ठेचाळीस बीजांडे मोजली आणि त्यांत चोवीसच्या आसपास चमकली, तर सगळे ठीक आहे. पुढच्या पिढीतले शुद्ध झाड निवडा, सगळी चमकतील. पानांवर काम करणाऱ्याला हा अनुभव कधी येत नाही, त्यामुळे भ्रूणकोशाकडे वळलेला माणूस पहिल्या आठवड्यात इथे हमखास अडखळतो.

दुसरी गोष्ट वेळेची. ईसी१ दिसतच नाही अशी तक्रार असेल तर बहुतेकदा भ्रूणकोश अजून पिकलेला नसतो, नाहीतर फलन होऊन गेलेले असते. फलनानंतर ईसी१ चा आरएनए झपाट्याने ओसरतो. फूल उमलण्याआधी, परागकोश बंद असतानाच पुंकेसर काढा, एक-दोन दिवस थांबा आणि मगच बीजांडे घ्या. पुंकेसर काढताना एखादा परागकोश फुटला असेल तर ते फूल सरळ टाकून द्या. एका फुलाचा मोह महागात पडतो.

मूळ चूक: धुण्याचा थेंब

पेशी वेचताना काय होते ते जवळून पाहू. बीजांडे मॅनिटॉलच्या द्रावणात, त्यात सेल्युलेज आणि पेक्टिन विरघळवणारी विकरे. काही वेळाने आवरणे सैल होतात, सुईने हलकेच दाबले की आतल्या पेशी बाहेर पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली थेंबभर पाण्यात पन्नास गोल दिसतात. भ्रूणकोशात असताना अंडपेशी ओळखायला सोपी: तिचे केंद्रक आतल्या बाजूला, मध्यवर्ती पेशीकडे, आणि मोठी रिक्तिका बीजांडाच्या तोंडाकडे. सहायक पेशीत नेमके उलट. पण भिंत विरघळून पेशी एकदा गोल झाली की ही खूण पुसट होते. आवरणातल्या पेशीचा गोलही तसाच भासतो. म्हणून ईसी१ च्या प्रमोटरवर जीएफपी घातलेले झाड वापरायचे आणि हिरवी चमकणारीच पेशी उचलायची. इथपर्यंत सगळे बरोबर करतात. आम्हीही करत होतो.

पण त्या थेंबात आणखी एक गोष्ट असते, ती दिसत नाही. प्रत्येक फुटलेल्या आवरणपेशीचा आरएनए द्रावणात सुटलेला असतो. तुम्ही हिरवी पेशी उचलता तेव्हा तिच्याबरोबर कॅपिलरीत (बारीक काचनळीत) थोडे द्रावणही येते. म्हणून पेशी स्वच्छ थेंबात सोडायची, पुन्हा उचलायची, पुन्हा दुसऱ्या थेंबात. आम्ही तीन थेंबांत धूत होतो आणि त्याचा अभिमानही होता. फक्त कॅपिलरी तीच होती. तिच्या आतल्या भिंतीला पहिल्या थेंबातले पाणी चिकटून होते आणि प्रत्येक "स्वच्छ" थेंबात आम्ही ते थोडे थोडे सोडत होतो. घाणेरड्या फडक्याने ताट पुसावे तसे.

हे सापडले ते एका कंटाळलेल्या दुपारी. सहकारी म्हणाली, "पेशी न घेता नुसता शेवटचा थेंबच पाठवून बघू." म्हणजे शेवटच्या धुण्यातले, पेशीबरोबर जेवढे येते तेवढेच द्रव घ्यायचे आणि त्यावर अगदी पेशीसारखीच सगळी प्रक्रिया करायची. तितकीच चक्रे, तेच किट. आलेली यादी पाहिली आणि सगळे गप्प. रुबिस्को होते. आवरणातली म्हणून तीन वेळा त्रास दिलेली जनुके त्याच क्रमाने होती. ईसी१ मात्र जवळजवळ नव्हते.

तेव्हापासून नियम असा: प्रत्येक थेंबाला नवी कॅपिलरी, आणि दर खेपेला किमान दोन रिकामे थेंब सिक्वेन्सिंगला. रिकाम्या नमुन्यावर पैसे घालवणे जिवावर येते हे मान्य. पण त्यांच्याशिवाय यादीतले कुठले नाव पेशीचे आणि कुठले पाण्याचे हे तुम्ही कशाच्या आधारावर सांगणार? निर्जंतुक पाण्याचा नेहमीचा कोरा नमुना पुरत नाही. तो फक्त किटमधली घाण दाखवतो, थेंबातली नाही.

विकराचा वेळही कमी करा. जास्त वेळ पेशी विकरात राहिल्या की अधिक फुटतात, शिवाय जखमेला आणि ताणाला प्रतिसाद देणारी जनुके जागी होतात. ती भेसळ नसते, तुम्हीच दिलेला त्रास असतो. भातात विकर न वापरताही अंडपेशी मिळवता येते: अंडाशय मॅनिटॉलच्या द्रावणात कापले की पेशी बाहेर येऊन तरंगते. अरॅबिडॉप्सिसच्या चिमुकल्या बीजांडात तो मार्ग अवघड आहे.

भेसळ मोजायची कशी

एवढे करूनही थोडी भेसळ राहतेच. आता मला खरे सांगायचे आहे ते हे: भेसळ किती, हे मागाहून गाळण्या लावून ठरवू नका. पेशी वेचण्याआधीच झाडात अशी खूण पेरून ठेवा की परका आरएनए स्वतःच ओळख देईल.

सर्रास केले जाते ते असे. आवरणात व्यक्त होणाऱ्या जनुकांची एक यादी घ्यायची आणि ती सगळी अंडपेशीच्या यादीतून उडवायची. यात सुक्याबरोबर ओलेही जळते. एखादे जनुक आवरणात आहे म्हणून अंडपेशीत नसेल असा कायदा नाही. अनेक जनुके दोन्हीकडे व्यक्त होतात आणि कदाचित त्यांतच तुमच्या कामाचे एखादे असेल.

खूण पेरायची सोपी युक्ती निसर्गाने दिलेली आहे. दोन वेगळ्या वाणांचा संकर करा, उदाहरणार्थ अरॅबिडॉप्सिसमध्ये कोलंबिया आणि लँड्सबर्ग, मक्यात बी७३ आणि एमओ१७. आलेले एफ१ झाड प्रत्येक जागी दोन रूपे बाळगते. त्याच्या आवरणाच्या पेशी द्विगुणी, म्हणून त्यांच्या आरएनएत दोन्ही रूपे. पण भ्रूणकोश एकाच महाबीजाणूपासून बनतो आणि तो एकगुणी असतो. म्हणजे एका अंडपेशीत, एका जागी, एकच रूप. दुसरे रूप दिसले की ते बाहेरून आले.

समजा, ईसी१ च्या एका जनुकावर वाणभेद दाखवणारे ४०० रीड्स आले आणि सगळेच्या सगळे कोलंबियाचे आहेत. हा आरएनए अंडपेशीचा. शेजारच्याच दुसऱ्या जनुकावर ६० रीड्स आले, ३१ कोलंबियाचे, २९ लँड्सबर्गचे. हे जनुक तुमच्या पेशीत बोललेच नाही, सगळा आवाज बाहेरचा. तिसऱ्यावर १०० पैकी २० लँड्सबर्गचे आहेत. बाहेरच्या आरएनएत दोन्ही रूपे साधारण सारखी, म्हणून २० च्या जोडीला बाहेरचेच आणखी २० कोलंबियाचे धरा. ४० परके, ६० घरचे. हे जनुक ठेवा, आकडा कमी करून ठेवा. आणि सगळ्या जनुकांची मिळून बेरीज केली, परके रूप शंभरात ४ निघाले, तर एकूण भेसळ सुमारे आठ टक्के. एवढा साधा हिशेब.

ही तपासणी फसते कुठे ते आधीच सांगतो, कारण आम्ही यांतल्या प्रत्येक खड्ड्यात एकदा तरी पडलो आहोत. वीस अंडपेशी एकत्र केल्या तर ती निरुपयोगी, कारण निम्म्या पेशींत हे रूप, निम्म्यांत ते. पेशी एकेकट्याच वाचायला हव्यात. गुणसूत्रांची अदलाबदल झालेली असते, त्यामुळे एकाच गुणसूत्रावर मध्येच रूप बदलते. ईसी१ कोलंबियाचे म्हणून खालचे सगळे कोलंबियाचेच असणार असे धरू नका, आधी पट्टे आखून घ्या. रीड्स फक्त कोलंबियाच्या संदर्भ जीनोमवर जुळवले तर लँड्सबर्गचे काही रीड्स जुळतच नाहीत, गळून जातात आणि भेसळ खोटीच कमी दिसते. दोन्ही जीनोमवर जुळवा किंवा फरकाच्या जागा झाकून घ्या. एकसारख्या जुळ्या जनुकांत रीड्स इकडचे तिकडे जातात, ती सोडून द्या. काही जनुकांत दोन वाणांमध्ये फरकच नसतो, तिथे ही खूण मुकी. गव्हासारख्या बहुगुणी पिकात गुंता आणखी वाढतो.

आणि एक बारीक गोम. दोन रूपे दिसली म्हणजे भेसळच, असे कोवळ्या भ्रूणकोशात म्हणता येत नाही. विभाजनाआधी, मातृपेशी द्विगुणी असताना तयार झालेला आरएनए पुढे वारशाने येऊ शकतो. नर बाजूला हे स्पष्ट दिसलेले आहे: नेल्म्स आणि वॉल्बट यांनी २०२२ साली मक्याच्या एफ१ झाडांतल्या परागांच्या पूर्वपेशी एकेक करून वाचल्या. एकगुणी झाल्यानंतरही त्या पेशी कितीतरी दिवस मातृझाडाच्या शिदोरीवर जगतात आणि स्वतःचा जीनोम परागातल्या पहिल्या सूत्री विभाजनाच्या सुमारास चालू करतात, असे त्यांना आढळले. पक्व अंडपेशीपर्यंत महाबीजाणूची तीन सूत्री विभाजने झालेली असतात, म्हणून तिथे मी पहिला संशय भेसळीवरच घेईन. एक-दोन केंद्रकांच्या अवस्थेत मात्र हात आखडता घेईन.

शेजाऱ्यांची भेसळ

एफ१ ची युक्ती एका ठिकाणी पूर्ण आंधळी आहे. सहायक पेशी आणि मध्यवर्ती पेशी त्याच महाबीजाणूची लेकरे, त्यांचे रूप अंडपेशीसारखेच. त्यांचा आरएनए मिसळला तर या हिशेबात दिसणार नाही. तिथे खुणेची जनुकेच कामाला येतात. सहायक पेशींसाठी एमवायबी९८ आणि त्यांच्याकडून स्रवणारी, परागनलिकेला वाट दाखवणारी ल्यूर पेप्टाइडे. मध्यवर्ती पेशीसाठी एफडब्ल्यूए, एफआयएस२, एजीएल८०. अंडपेशीच्या यादीत ल्यूर थोडे दिसले म्हणून घाबरू नका, ती सहायक पेशीत भरमसाट बनतात आणि त्यांचा एक शिंतोडाही उठून दिसतो. एमवायबी९८ सुद्धा ठळक असेल तर मात्र पेशीला शेजारीण चिकटून आली होती असे समजा आणि तो नमुना टाका.

अपवाद उत्परिवर्तकांचा. लॅकेसिस नावाचे जनुक बिघडले की सहायक आणि मध्यवर्ती पेशी अंडपेशीची खूण दाखवू लागतात, हे २००७ पासून माहीत आहे. तिथे "चुकीच्या" पेशीतली खूण हाच शोध आहे. असे झाड हातात असेल तर आकड्यांवर न थांबता सूक्ष्मदर्शकाखाली बघा.

रिपोर्टरबद्दल, म्हणजे जनुक कुठे चालू आहे ते दाखवणाऱ्या जीएफपी-जीयूएससारख्या खुणांबद्दल, थोडेच. जीयूएसचा निळा रंग भ्रूणकोशाबाहेर पसरलेला दिसला तर आधी पोटॅशियम फेरीसायनाइड आणि फेरोसायनाइडचे प्रमाण वाढवून पाहा. रंग तयार होण्याआधीचे मधल्या टप्प्यातले द्रव्य शेजारी झिरपते, ते त्याने आटोक्यात येते. संवेदनशीलता थोडी कमी होते, तेवढे सोसा. जीएफपी केंद्रकात बसेल असे घ्या, नाहीतर आवरणांच्या स्वतःच्या चकाकीत आणि रिक्तिकांच्या पसाऱ्यात कोण चमकते ते कळत नाही. जीएफपी टिकाऊ असते हेही लक्षात असू द्या: ते आज दिसते म्हणजे जनुक आज बोलते आहे असे नव्हे, कदाचित काल बोलून गप्प झाले असेल.

जुना डेटा असेल तर

हा प्रश्न आपल्याच हाताचा दोष आहे असे समजून खचू नका. २०११ साली एका गटाने अरॅबिडॉप्सिसच्या अगदी कोवळ्या भ्रूणात मातेकडच्या आरएनएचे वर्चस्व असल्याचे मांडले. २०१२ साली नोडीन आणि बार्टेल यांना दोन्ही पालकांचा वाटा जवळजवळ सारखा आढळला. मग २०१७ साली शॉन आणि नोडीन यांनी तोवर प्रसिद्ध झालेले भ्रूण आणि भ्रूणपोषाचे डेटासंच तपासले, तर त्यांत मातेच्या बीजावरणाची भेसळ मोठ्या प्रमाणावर सापडली. सगळा वाद भेसळीनेच मिटतो असे नाही, कोणत्या दोन वाणांचा संकर घेतला यानेही चित्र पालटते. पण बीजावरण मातेचे असल्यामुळे त्याची भेसळ हुबेहूब "मातेच्या वर्चस्वा"सारखी दिसते, आणि हे नुसत्या माता-पित्याच्या वाट्याच्या आकड्यांकडे कितीही टक लावून पाहिले तरी कळत नाही.

तुमच्याकडे एफ१ नसलेला, रिकामे थेंब नसलेला जुना डेटा असेल तर तो फेकायची गरज नाही. एक उलटा ताळा घेता येतो. डीडी४५ वगैरे जी नावे तुम्ही वाचता, त्यांतली "डीडी" मालिका २००७ साली अशाच ताळ्यातून आली: भ्रूणकोशच न बनणाऱ्या डीआयएफ१ उत्परिवर्तकाची स्त्रीकेसरे साध्या झाडाच्या स्त्रीकेसरांशी ताडली आणि जी जनुके उत्परिवर्तकात खाली गेली ती वेचून काढली. त्यातले डीडी४५ पुढे ईसी१ कुटुंबातलेच निघाले. तुमच्या यादीतले जनुक अशा झाडात गायब होत असेल तर ते भ्रूणकोशाचे असण्याची शक्यता चांगली आहे. गायब होत नसेल तर निकाल लागत नाही, कारण आवरणातला त्याचा मोठा आवाज भ्रूणकोशातल्या छोट्या आवाजाला झाकून टाकतो. शिवाय काही आवरणजनुके भ्रूणकोश नसल्यामुळेच मंदावतात, तीही खाली गेलेली दिसतील.

आम्ही आमच्या पहिल्या तीन खेपांचा डेटा असाच चाळला. ज्या जनुकांबद्दल आमची यादी आणि हा उलटा ताळा अशा दोन्ही बाजूंनी पुरावा आला ती ठेवली, बाकीच्यांपुढे प्रश्नचिन्ह घालून फाइल बंद केली, आणि चौथ्या खेपेसाठी एफ१ चे बी पेरले. ईसी१ ची जीएफपी दोन्ही वाणांत आधी शुद्ध करून घ्या, मग संकर करा. नाहीतर पुन्हा निम्मीच बीजांडे चमकतील.